शेगावची पत्रे, सेवाग्रामचा पिनकोड

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतले हे खेडे. धड रस्ता नाही, पोस्ट नाही. त्यांच्यामागोमाग देशोदेशीची पत्रे मात्र इथे येऊ लागली, आणि वाट चुकू लागली.

कारण जवळपास याच नावाचे दुसरे गाव, शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातले, गजानन महाराजांचे. तेही नागपूर-भुसावळ याच रेल्वेमार्गावर, शिवाय आधीपासून प्रसिद्ध. नाव वाचून टपालाची छाननी करणाऱ्याला त्यात वर्ध्याचे कोणते हे कसे उमगणार? १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले, त्यामागे पत्रांचा हा घोळ होता.

एका गावापुरता प्रश्न मिटला. पण सारख्या नावांची गावे देशभर आहेत आणि पत्ते कितीतरी लिप्यांत लिहिले जातात. प्रत्येक ठिकाणी नाव बदलणे शक्य नव्हते. खरे उत्तर शोधले ते रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतचे हे जाणकार टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. त्यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला.

सेवाग्राम ४४२१०२, शेगाव ४४४२०३. पहिले दोन अंक सारखे, म्हणजे दोन्ही पत्रे विदर्भापर्यंत बरोबर येतात. तिसऱ्या अंकाला वाटा फुटतात. वेलणकरांच्या रचनेचे मोठेपण मला इथे दिसते: दिल्लीत छाननी करणाऱ्याला सेवाग्राम ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. त्याने सुरुवातीचे अंक पाहावेत, पुढचे पुढच्याने.

ठिकाण आधी ठाऊक नसताना तिथवर पोहोचायचे कसे, हाच पेच तीस वर्षांनी संगणकांच्या जाळ्यांपुढे उभा राहिला. २००० सालच्या नुटेला या फाइल वाटून घेणाऱ्या जाळ्यात हवी ती फाइल शोधताना शेजाऱ्याला विचारायचे, त्याने आपल्या शेजाऱ्यांना. गर्दी वाढली की जाळे प्रश्नांनीच तुंबे. २००२ मध्ये पेतार मायमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी कॅडेमलिया ही पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक संगणकाला क्रमांक असतो, फाइललाही. दोन्ही क्रमांक सुरुवातीपासून जितके जुळतील तितके ते जवळचे, आणि फाइलचा ठावठिकाणा तिच्या जवळच्या संगणकांकडे असतो. इथे वरून वाटणी करणारे मुख्यालय नाही, हा टपालाहून मोठा फरक. प्रत्येक संगणक जवळचे बरेच आणि दूरचे मोजके पत्ते बाळगतो आणि प्रश्न अधिक जवळच्याकडे सोपवतो.

पिनकोडचा एकेक अंक शोध दहाव्या हिश्श्यावर आणतो, म्हणून ६ अंकांत १० लाख क्रमांक मावतात. कॅडेमलियाचा एक टप्पा तो निदान निम्म्यावर आणतो, म्हणून १० लाख संगणकांत फाइलचा ठावठिकाणा फार तर साधारण २० टप्प्यांत लागतो. फाइल वाटून घेण्याच्या बिटटोरंट या जाळ्यात आज याच पद्धतीने शोध चालतो.