उतार किती असावा?

घरी बनवलेल्या आर्केड पॅनलवर दादा पंधरा मिनिटं खेळला आणि उजवं मनगट चोळत उठला. वर्षापूर्वी तेच मनगट मोडलं होतं. ३० सेंटिमीटर खोल फळी मी मागून १० सेंटिमीटर उचलली होती. म्हणजे जवळजवळ २० अंशांचा उतार. दिसायला ऐटदार, एवढंच.

चूक कळली ती जुन्या यंत्रांकडे पाहिल्यावर. १९७२चं 'पाँग' उभ्यानं खेळायचं, एका हातानं नॉब फिरवत. १९७८मध्ये तोमोहिरो निशिकादो यांचं 'स्पेस इन्व्हेडर्स' जपानी कॅफेंतल्या टेबलांत शिरलं आणि खेळणारा खुर्चीत बसला. १९८०च्या 'पॅक-मॅन'ला तर नुसती स्टिक पुरे. मुठीत स्टिक धरली की फळी कशीही असो, हात निभावून नेतो. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'नं मात्र प्रत्येकाला सहा बटणं दिली. आता उजवा तळहात फळीवर टेकलेला, बोटं सतत बटणांवर. फळी मागे जितकी चढती, तितकं मनगट वर वळणार. लहानपणी पार्लरमध्ये आम्ही हा खेळ उभ्यानं खेळायचो, पाच-दहा मिनिटांत नाणी संपायची. घरी नाणी संपत नाहीत.

मागची बाजू ३ सेंटिमीटरवर आणली. उतार सहा अंशांच्या आत. खुर्ची अशी उंचावली की कोपर पॅनलच्या पातळीत यावं. पाडव्याला दादा तासभर खेळला. मनगटाची तक्रार नाही. हरलो मीच.