कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची कुळकथा

मेजावरच्या संगणकासाठी एसएसडी विकत घ्यावयास गेलेल्या मनुष्यापुढे दुकानदार जे प्रश्न ठेवतो, साटा हवी की एनव्हीएमई, टीएलसी हवी की क्यूएलसी, ते वरवर पाहता केवळ किमतीच्या घासाघिशीचे वाटतात. परंतु त्यांतील बहुतेकांचे मूळ शोधीत मागे गेले म्हणजे आपण एका जपानी अभियंत्याने १९८० च्या सुमारास जाणूनबुजून पत्करलेल्या एका त्यागापाशी येऊन ठेपतो, आणि तो त्याग नीट उमजला की निवडीचे काम पुष्कळ सोपे होते, असे माझे ठाम मत आहे.

एसएसडीच्या आधी संगणकातील साठवणीच्या गादीवर चुंबकीय चकती विराजमान होती. १९५६ साली आयबीएमने रामॅक या यंत्रासोबत जी पहिली हार्ड डिस्क आणली तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि एवढ्या अवडंबरात ५० लाख अक्षरे मावत. पुढील अर्धशतकात चकत्या लहान झाल्या व त्यांची क्षमता लाखपटीने वाढली, तरी त्यांचे फिरणे काही सुटले नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीवरील हवी ती नोंद वाचकटोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ लागतो; टोक जागेवर सरकण्याचा वेळ निराळाच. तेवढ्या अवधीत लक्षावधी आज्ञा पार पाडू शकणारा प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला असे.

न फिरणाऱ्या साठवणीचे बीज १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पडले. डावॉन कांग आणि सायमन झी या दोन संशोधकांनी ट्रान्झिस्टरच्या पोटात चोहोबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेला धातूचा एक पापुद्रा बसविण्याची कल्पना मांडली. बाहेरून पुरेसा विजेचा दाब दिला असता इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार जातात आणि दाब काढून घेतल्यावर आत कोंडले जातात. ते आत आहेत की नाहीत यावरून ट्रान्झिस्टरची वर्तणूक बदलते, आणि तो बदल हीच स्मृती. १९७१ साली इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी याच तत्त्वावर ईप्रॉम सिद्ध केली, परंतु तिच्यातील मजकूर पुसावयाचा तर चिपेवरील क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील किरणांचा मारा करावा लागे. पुढे विजेनेच पुसता येणारी जात निघाली. तिच्यात कोणतीही एक नोंद स्वतंत्रपणे पुसण्याची सोय होती खरी, पण त्या सोयीपायी इलेक्ट्रॉन कोंडणाऱ्या प्रत्येक कोठडीला एकाऐवजी दोन ट्रान्झिस्टर लागत, आणि ती एवढी महाग पडे की तिने चकतीची जागा घेण्याचा विचारही कोणी केला नसता.

येथे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी उलट विचार केला. एकेक नोंद वेगळी पुसता आलीच पाहिजे हा हट्ट का धरावा? तो सोडला, हजारो कोठड्यांचा एक गट करून तो सगळा एकदमच पुसावयाचा असे ठरविले, तर प्रत्येक कोठडीला एकच ट्रान्झिस्टर पुरेल आणि स्मृती स्वस्त होईल. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत त्यांनी ही फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली, आणि १९८७ मध्ये नँड ही तिची अधिक दाट रचना, जिच्यात कोठड्या एकामागोमाग एक साखळीने जोडल्यामुळे तारांच्या जोडण्या कमी लागतात व जागा वाचते. आजची जवळजवळ प्रत्येक एसएसडी याच नँडच्या वंशातील होय. त्या उपकाराची परतफेड मात्र फार ओशाळवाणी झाली: शोधकर्त्याला आपल्या वाट्यासाठी जुन्या मालकावर फिर्याद करावी लागली आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर अख्खा उद्योग उभा राहिला त्याच्या मानाने ही रक्कम मला अत्यंत तुटपुंजी वाटते.

एसएसडीची पहिली रूपे फ्लॅशची नव्हती. १९७८ साली स्टोरेजटेकने आणलेल्या ४५ मेगाबाइटच्या पेटीची किंमत ४ लाख डॉलरांच्या घरात होती. फ्लॅशला या कामी जुंपण्याचे श्रेय मोठ्या अंशी एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी १९८८ साली स्थापिलेल्या सनडिस्ककडे, म्हणजे पुढील काळातील सॅनडिस्ककडे जाते. १९९१ मध्ये त्यांनी आयबीएमला २० मेगाबाइटची एसएसडी पुरविली. किंमत सुमारे १००० डॉलर.

आता त्या त्यागाची किंमत पाहू. लिहावयाचे एकेका पानावर, पण पुसावयाचा मात्र पानांचा सबंध गठ्ठा, अशी ज्या दफ्तराची रीत, तेथे एक ओळ बदलायची झाली तरी नवी प्रत कोऱ्या पानावर उतरवून जुनी रद्द ठरवावी लागते आणि सवडीने गठ्ठे रिकामे करावे लागतात; त्यातून प्रत्येक पुसण्यासरशी कोठडीचा रोधक थर झिजतो. ही झीज सर्व कोठड्यांवर समान वाटण्याची, कोणती नोंद कोठे आहे याची खतावणी ठेवण्याची सारी तजवीज कंट्रोलर नावाची चीप करते, आणि म्हणून एसएसडीचा दर्जा पुष्कळ अंशी या फडणिसाच्या हुशारीवर ठरतो. त्याला काम करण्यास मोकळी पाने लागतात. एसएसडी काठोकाठ भरू नये हा सल्ला येथूनच आला. एका कोठडीत किती बिट ठासावयाचे, हा उरलेला प्रश्न. टीएलसीत ३ बिट, क्यूएलसीत ४. जितके अधिक तितकी स्वस्ताई, आणि तितकेच मंद लेखन व अल्प आयुष्य. रोजच्या वापराच्या संगणकात ज्या एसएसडीवर कार्यप्रणाली ठेवावयाची तिच्यासाठी मी टीएलसीच घ्यावी म्हणेन.

जोडणीबाबत इतकी कठोरता नको. साटा ही २००३ च्या सुमारास चकतीसाठी निघालेली वाट. तिच्यावरून सेकंदाला ५५० मेगाबाइटांच्या आसपासच वाहतूक होते. २०११ साली एनव्हीएमईची पहिली संहिता आली ती फ्लॅशचाच विचार करून, आणि तिच्या एसएसडी साटाच्या कित्येक पट वेगाने धावतात. तथापि जुन्या संगणकात जो कायापालट जाणवतो तो प्रामुख्याने फिरत्या चकतीची प्रतीक्षा संपल्याचा असतो, आणि तो साटाच्या अडीच इंची डबीनेही पुरेपूर मिळतो. मदरबोर्डवर पट्टीच्या आकाराच्या एसएसडीसाठीचा एम.२ स्लॉट असेल तर मात्र एनव्हीएमई घ्यावी; तो स्लॉट कोणती जात स्वीकारतो हे पुस्तिकेत पाहून, कारण काही एम.२ पट्ट्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून साटाच असतात.

बसविण्याचे काम सोपे आहे. वीज तोडून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगची स्थिर वीज उतरवावी. एम.२ पट्टी, बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब, खाचेशी जुळवून तिरकी सरकवावी, मग आडवी दाबून टोकाशी एकच स्क्रू, हलक्या हाताने, आवळावा. वर उष्णताशोषक असल्यास त्याच्या आतील चिकटपट्टीवरचा प्लास्टिकचा कागद काढण्यास विसरू नये. काही मदरबोर्डांवर एम.२ भरताच साटाचे एखादे पोर्ट बंद पडते. जुनी डिस्क अकस्मात दिसेनाशी झाली तर घाबरून न जाता केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी.

ती जुनी डिस्क काढूनही टाकू नये. कोंडलेले इलेक्ट्रॉन अगदी सावकाश का होईना रोधक थरातून झिरपत असतात, आणि वर्षानुवर्षे विजेवाचून कपाटात पडलेल्या एसएसडीतील मजकुराची शाश्वती देता येत नाही. तेव्हा घरातील छायाचित्रे आणि महत्त्वाचे दस्तऐवज यांची एक प्रत चुंबकीय चकतीवर असू द्यावी.