जनसुनवाई

गावातली वा वस्तीतली सार्वजनिक कामे, मजुरी, शिधावाटप, आरोग्यसेवा यांविषयीचे सरकारी कागद चारचौघांत मोठ्याने वाचायचे आणि ते खरे की खोटे, हे तिथल्याच माणसांच्या तोंडून पडताळून घ्यायचे, अशी जाहीर सभा. ‘जनसुनावणी’ असेही म्हणतात. तिला न्यायालयाचे अधिकार नसतात. ती शिक्षा देत नाही, दंड वसूल करत नाही. जातपंचायतीशी किंवा गावकीच्या बैठकीशी तिचे नाते नाही, कारण तिथे पंच बोलतात आणि बाकीचे ऐकतात. इथे पंच ऐकायला बसलेले असतात.

आज ज्या रूपात जनसुनवाई ओळखली जाते ते रूप राजस्थानातले आहे. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे १९८७ पासून राजसमंद भागातील देवडुंगरी या गावी राहून काम करत होते. १ मे १९९० रोजी भीम येथे ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन झाले. दुष्काळी कामांवर किमान वेतन मिळावे, ही पहिली मागणी. मजुरी कमी का, असे विचारले की ‘तुमचे काम कमी भरले’ असे उत्तर मिळे, आणि मस्टर दाखवा म्हटले की ते सरकारी कागद आहेत, असे सांगितले जाई. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या महाराष्ट्रातल्या मजुरालाही हे उत्तर नवे नाही. भांडण मजुरीचे होते, पण अडत होते ते हजेरीपटापाशी.

पहिली जनसुनवाई पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे २ डिसेंबर १९९४ रोजी झाली. पंचायतीच्या कामांची मस्टर आणि बिले हाती आली होती. ती एकेक करून वाचली गेली. जे कधी कामावर गेलेच नाहीत त्यांच्या नावावर मजुरी उचललेली, छत नसलेली इमारत कागदावर पूर्ण झालेली. ऐकणाऱ्यांना त्यासाठी हिशेबतपासनीस लागला नाही. कोण त्या वर्षी कामाला परगावी गेला होता आणि कोण वारला होता, हे गावाला ठाऊक असतेच. त्यानंतर काही महिन्यांतच भीम, विजयपुरा, जवाजा, थाना येथे सभा झाल्या.

पद्धत साधी, पण तयारी किचकट. सभेच्या आधी कार्यकर्ते कागदाच्या प्रती मिळवतात, घरोघर जाऊन मस्टरवरची नावे ताडून पाहतात, बांधकामावर किती सिमेंट आणि किती दगड लागला असेल याचा गवंड्याकडून अंदाज घेतात. सभेच्या दिवशी वकील, पत्रकार, निवृत्त अधिकारी अशी बाहेरची माणसे मंचावर बसतात. सरपंच, ग्रामसेवक, अभियंता यांना रीतसर बोलावणे जाते आणि बोलायची वेळही मिळते. शंकर सिंह यांच्या बाहुल्या आणि विनोद यांचाही यात वाटा मोठा आहे. भ्यालेल्या माणसाचे तोंड भाषणापेक्षा हशाने लवकर सुटते. बाहेरच्या पाहुण्यांचे खरे काम निवाडा देणे हे नसून बोलणाऱ्याच्या पाठीशी साक्षीदार म्हणून बसणे, हे आहे. सरपंचाविरुद्ध बोललेल्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाणी भरायचे असते, त्याच्याकडेच काम मागायचे असते.

या सभांचा परिणाम कायद्यापर्यंत गेला. मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी एप्रिल १९९५ मध्ये पंचायतीच्या खर्चाच्या कागदांच्या प्रती लोकांना देण्याचे विधानसभेत जाहीर केले. आदेश मात्र निघाला नाही. वर्षभर वाट पाहून ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर येथे धरणे सुरू झाले, ते ४० दिवस चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच चळवळीची. पत्रकार प्रभाष जोशी यांनी ‘जनसत्ता’तून हा प्रश्न देशभर नेला. त्याच वर्षी भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत यांच्या पुढाकाराने माहिती अधिकाराच्या विधेयकाचा एक मसुदा तयार झाला. राजस्थानचा कायदा २००० साली, महाराष्ट्राचा २००२ साली आणि केंद्राचा २००५ साली आला. राजसमंदमधल्या जनावद पंचायतीची २००१ मधील सुनवाई विशेष गाजली. ज्यांच्यावर पैसा खर्च झाल्याची कागदावर नोंद होती त्यांतली कित्येक कामे जमिनीवर नव्हतीच.

महाराष्ट्रात ही पद्धत सर्वांत खोल रुजली ती आरोग्याच्या क्षेत्रात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान यांनी २००४ मध्ये देशात विभागवार आरोग्य-जनसुनवाया घेतल्या. पुढे २००७ पासून राज्यात लोकाधारित देखरेख प्रक्रिया सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे समन्वय होता आणि सुरुवातीच्या जिल्ह्यांत नंदुरबार व अमरावती होते. गावची समिती आपल्या उपकेंद्राचे प्रगतिपत्रक भरते, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. नर्सबाई गावात येत नाहीत, औषधे बाहेरून आणायला लावतात, फुकट असलेल्या सेवेसाठी पैसे मागतात, असे हे प्रश्न. यातले बरेच तालुक्यालाच सुटतात, म्हणून वर्तमानपत्रांत येत नाहीत.

याच नावाची सरकारी प्रक्रिया पर्यावरण कायद्यात आहे, पण तिचा प्रवाह उलटा वाहतो. १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांआधी जनसुनावणी सक्तीची झाली. २००६ च्या अधिसूचनेनुसार ३० दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी वा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, स्थानिक भाषेत पर्यावरण-परिणाम अहवालाचा सारांश असे नियम आहेत. मात्र गणसंख्येची अट नाही आणि मतदानही नाही. म्हणजे सारा गाव ‘नको’ म्हणाला तरी इतिवृत्तात ती फक्त नोंद उरते. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये माडबनला झाली तेव्हा मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. याउलट ओडिशातील नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ग्रामसभांनाच कौल विचारला गेला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. फरक सभेच्या आकाराचा नव्हता. निर्णय कोणाच्या हाती, याचा होता.

जनता दरबार, लोकशाही दिन, महिला आयोगाच्या जिल्हावार सुनावण्या यांनाही सैलपणे जनसुनवाई म्हटले जाते. त्यांत तक्रारदार एकेकटा येतो, अर्ज देतो आणि शेरा घेऊन जातो. उपयोग होत नाही असे नाही, पण कागद लोकांच्या हाती आधी आलेला नसतो, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याची साक्ष काढण्याचा प्रसंग येत नाही. हे दोन्ही वगळले की जनसुनवाईचा तक्रार-मेळा होतो. सातबाऱ्याचे चावडीवाचन तिला त्या मानाने अधिक जवळचे.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने (२००५) ग्रामसभेमार्फत कामांचे सामाजिक अंकेक्षण बंधनकारक केले, तेव्हा कोट किरानाची पद्धत कायद्याच्या भाषेत आली. राजस्थानने २०१२ मध्ये सुनवाईच्या अधिकाराचा कायदा केला. सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१७ साली प्रथम केला तो मेघालयाने.