तबकडीतला आवाज किती खरा?

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला भोरकडे जाणारा फाटा फुटतो. अशा गावांतल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चावीचा ग्रामोफोन आणि काळ्या तबकड्या सापडल्या, तर त्या भंगारात देण्यापूर्वी जरा थांबावे. या यंत्राला वीज लागत नसे. स्प्रिंग, सुई आणि कर्णा एवढ्यावर ते गात असे.

१९०२ मध्ये गेझबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता. तो १९२५ च्या सुमारास आला. गायक कर्ण्याच्या तोंडाशी गाई, पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणावर नागमोडी खाच कोरी. त्यावरून धातूचा साचा आणि साच्यातून लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या निघत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयांनाही तेवढ्यात राग उभा करावा लागला.

ही तीन मिनिटेही मोलाचीच. पुण्यात १९११ मध्ये भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये वारले. त्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव आपण ऐकू शकतो. गुरूंविषयी मात्र फक्त वाचायचे.

पण तबकडी हा इतिहासाचा पुरावा मानायचा, तर तो तपासायलाही हवा. समजा, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित केलेली तबकडी आपण ८२.६ फेऱ्यांनी वाजवली. वेग सुमारे सहा टक्के वाढला. मग पांढरी एकमधला गायक काळी एकमध्ये गातो आणि १८० सेकंदांचे गाणे १७० सेकंदांत संपते. गळा चढा वाटतो, तान अधिक चपळ वाटते. आणि हे कौतुक गायकाचे नसून स्प्रिंगचे असते! शिवाय सुरुवातीच्या काळात सगळीच मुद्रणे ७८ च्या वेगाने होत नसत.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. तबकडीच्या लेबलवर कागदाचा कपटा चिकटवा, सुई टेकवा आणि मिनिटभरात तो किती वेळा फिरतो ते मोजा. वेगाचा स्क्रू थोडा फिरवून पेटीवर स्वर ताडून पाहा. लेबलवरचे नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या. मुंबईत १९९० मध्ये ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली, ती अशाच नोंदींचे महत्त्व ओळखून. माळ्यावरची तबकडी एकदा फुटली, की तपासायला काहीच उरत नाही.