अपघात विभागात आलेले वार्धक्य

१/ अमेरिकेच्या वैद्यकीय इतिहासात १९६६ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. १ जुलैला ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना लागू झाली आणि पासष्टी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी ९० लाख नागरिकांना रुग्णालयाचा खर्च परवडू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल प्रसिद्ध केला. तेथील आधुनिक आपत्कालीन सेवेच्या पायाभरणीत या अहवालाचा वाटा फार मोठा आहे. एकीकडे वृद्ध रुग्णालयाकडे येऊ लागले होते, दुसरीकडे तातडीच्या उपचारांची घडी तरुणांना समोर ठेवून बसवली जात होती.

२/ हे अहवालातूनच दिसते. १९६५ या एका वर्षात अपघातांनी १ लाख ७ हजार बळी घेतले होते. आयुष्याच्या पूर्वार्धातील मृत्यूंचे ते पहिले कारण होते. शहरातल्या रस्त्यावर जखमी होण्यापेक्षा रणभूमीवर जखमी झालेला माणूस वाचण्याची शक्यता अधिक, असे त्यात नमूद होते. डोळ्यांसमोर होता तो मोटारीच्या धडकेत सापडलेला, रक्तस्राव होत असलेला, एरवी धडधाकट माणूस. एक इजा, तिच्यावर एक उपाय आणि प्रत्येक मिनिटाचा हिशेब.

३/ (आपल्याकडेही लोक या विभागाला ‘कॅज्युअल्टी’ किंवा ‘अपघात विभाग’ म्हणतात. नाव ब्रिटिश वळणाचे, पण गृहीत तेच.)

४/ १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात या शाखेचे पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले. १९७९ मध्ये तिला स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून मान्यता मिळाली. मधल्याच काळात, १९७८ मध्ये, सॅम्युएल शेम या टोपणनावाने एका डॉक्टरने ‘द हाऊस ऑफ गॉड’ ही कादंबरी लिहिली. तिच्यामुळे निवासी डॉक्टरांच्या बोलीतला ‘गोमर’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. ‘माझ्या इमर्जन्सी रूममधून चालते व्हा’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे. शब्द वापरला जाई तो प्रामुख्याने जर्जर, भ्रमिष्ट वृद्धांसाठी.

५/ या शब्दात क्रौर्य आहेच. पण त्याहून अधिक हतबलता आहे. वृद्धाचे शरीर शिकवलेल्या नियमांना जुमानत नाही. हृदयविकाराचा झटका येतो, पण छातीत दुखत नाही. केवळ धाप लागते किंवा गळून गेल्यासारखे होते. जंतुसंसर्ग रक्तात पसरतो, पण ताप चढत नाही. उभ्या जागी तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. पडण्याचे कारण मात्र कधी रक्तदाबाच्या नव्या गोळीत असते, कधी मूत्रमार्गाच्या संसर्गात. हाड दिसते, कारण निसटते.

६/ सर्वांत घातक चूक डिलिरियमची. आजारपणात अचानक ओढवणारा हा बुद्धिभ्रम. कालपर्यंत घरचा हिशेब ठेवणारी आजी आज मुलाला ओळखत नाही आणि ‘वयच झाले आहे’ म्हणून तो स्मृतिभ्रंश समजला जातो. आपत्कालीन विभागात निम्म्याहून अधिक वेळा डिलिरियम निदानातून सुटतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आणि तो बळावण्यास ती जागाच हातभार लावते. अहोरात्र झगझगीत दिवे, खिडकी नाही, घड्याळ दिसत नाही, सतत वाजणारी यंत्रे. अरुंद, कडक स्ट्रेचरवर तासन्‌तास पडून राहिले की शय्याव्रणांची सुरुवात होते ती वेगळीच.

७/ जागा बदलली तर रुग्णही बदलतो, हे खरे तर आधीच सिद्ध झाले होते. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या अनाथ-निर्धनांच्या आश्रमातील ७१४ रुग्ण सोपवण्यात आले. अनेक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले, निदानाविना पडलेले. वॉरन यांनी प्रत्येकाला तपासले, चांगला उजेड आणला, आधाराचे कठडे बसवले, माणसांना उठवून चालते केले. कित्येक घरी परतले. वृद्धवैद्यकाची ही पायवाट वॉर्डांतून गेली. तातडीच्या दारापर्यंत पोहोचायला तिला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

८/ १९९० च्या दशकात डॉ. आर्थर सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्टफर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने हा प्रश्न अभ्यासाला घेतला. आपत्कालीन डॉक्टरांनीच पाहणीत कबूल केले, की पोटदुखी, चक्कर, बदललेली शुद्ध या तक्रारी तरुणापेक्षा वृद्धात हाताळणे त्यांना अवघड जाते. अर्थात, उणीव प्रशिक्षणातच होती.

९/ २००८ मध्ये मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे होली क्रॉस रुग्णालयाने वृद्धांसाठी वेगळा आपत्कालीन कक्ष उघडला. अमेरिकेतील अशा कक्षांत तो पहिला मानला जातो. जाड गाद्या, सौम्य दिवे, न चकाकणारी फरशी, कठडे, आणि रुग्ण घेत असलेल्या साऱ्या औषधांची छाननी. ऐकायला हे फर्निचरच्या दुकानाचे वर्णन वाटते. पण डिलिरियम आणि पडझड टाळण्याचे उपचार ते हेच. २०१४ मध्ये चार व्यावसायिक संघटनांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

१०/ २०१८ पासून आपत्कालीन डॉक्टरांचे महाविद्यालय अशा विभागांना सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा तीन पातळ्यांवर मान्यता देते. कांस्य पातळीच्या अटींत वृद्धसेवेचे शिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर व एक परिचारिका यांच्याबरोबरच काठ्या-वॉकर हाताशी असणे आणि चोवीस तास खाणेपिणे मिळणे यांचाही समावेश आहे. मान्यता ऐच्छिक आहे. देशात असे विभाग सुमारे पाच हजार; ती घेतली आहे काही शेकड्यांनी.