परभणी जिल्ह्यातील ज्वारी आणि शासनाचे कृषिधोरण : एक ऐतिहासिक अभ्यास

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ज्वारी हे केवळ धान्यपीक नव्हते. भाकरी माणसांसाठी, कडबा जनावरांसाठी आणि जनावरांचे शेणखत पुन्हा जमिनीसाठी, अशी ती एक संपूर्ण व्यवस्था होती. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या भागांत तसेच दुधना व पूर्णा नद्यांच्या खोऱ्यांत शेतकरी कुटुंबाचे वर्ष याच पिकावर बेतलेले असे. शासनाने ज्वारीच्या संशोधनासाठी जेवढे केले तेवढे तिच्या खरेदीसाठी सातत्याने केले नाही. जिल्ह्यातील पीकपद्धती बदलण्याचे एक महत्त्वाचे कारण या विसंगतीत आढळते. प्रस्तुत लेखात तिचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

निजामी राजवटीत १९१८ मध्ये परभणी येथे प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले. गावरानी कापसाच्या संशोधनाशी जोडले गेलेले 'मेहबूब बाग' हे नाव त्या राजवटीची आठवण आजही जपून आहे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला.

ज्वारीच्या इतिहासातील खरे वळण १९६० नंतरच्या दशकात आले. अन्नटंचाईच्या त्या काळात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीच्या प्रसाराला राज्याच्या धोरणात अग्रस्थान दिले. १९६४ मध्ये प्रसारित झालेला 'सीएसएच-१' हा संकरित वाण लवकर तयार होणारा व भरघोस उत्पन्न देणारा होता. त्याची ताटे मात्र बुटकी असल्याने कडबा कमी मिळे. शिवाय कणसे परतीच्या पावसात सापडली की दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे आणि अशा मालाला बाजारात भाव नसे. गावरान ज्वारी उशिरा पक्व होत असल्याने या संकटातून बहुधा वाचत असे. हेक्टरी उत्पादनाच्या आकड्यांत ही बाजू उमटली नाही. गोठ्यात ती लगेच जाणवली. याच दशकात राज्याने ज्वारीची एकाधिकार खरेदीही केली. परंतु तिचा मुख्य हेतू शहरांना व तुटीच्या भागांना धान्य पुरविणे हा होता. पिकविणाऱ्याला आधार देण्यापेक्षा धान्य गोळा करण्याकडेच तिचा कल होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

१८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. तेच वर्ष महाराष्ट्राच्या स्मरणात दुष्काळाचे म्हणून कोरले गेले आहे. ज्या प्रदेशासाठी विद्यापीठ उभे राहिले, त्याच प्रदेशातील मजुरांना अमेरिकेतून आलेली लाल 'मिलो' ज्वारी खावी लागली. रोजगार हमी योजनेने त्या काळात अनेकांना तारले. धान्य मात्र गावाबाहेरून आलेले होते.

पुढील काळात शासनाचे आर्थिक पाठबळ नगदी पिकांकडे वळले. कापसाला १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेचे संरक्षण मिळाले. १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याने पाणी आणले आणि पाण्यापाठोपाठ ऊस आला. १९९० नंतर सोयाबीन पसरले, तर २००२ पासून बीटी कापूस आला. सोयाबीनचा 'एमएयूएस-७१' हा वाण याच विद्यापीठाने दिला. याबद्दल विद्यापीठाला दोष देता येत नाही, कारण रब्बी ज्वारीचा 'परभणी मोती' हा वाणही त्याचाच. शेतकऱ्याने निवड केली ती बाजार पाहून.

ज्वारीला हमीभाव नव्हता असे नाही. २०२३-२४ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३,१८० रुपये, मालदांडीला ३,२२५ रुपये आणि सोयाबीनला ४,६०० रुपये असे दर जाहीर झाले. परंतु भाव जाहीर होणे आणि त्या भावाने शेतकऱ्याच्या मालाचे माप होणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्य किलोला एक रुपया दराने देण्याची तरतूद केली, तरी शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळच येत राहिले. जिल्ह्याच्या पोटातील हा बदल शेतातील बदलाइतकाच खोल आहे. ज्वारी पिकविणे सोडलेले घर ज्वारी खाणेही हळूहळू कमी करते.

२०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव मिळालेल्या या विद्यापीठाने हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था 'इक्रिसॅट'सह विकसित केलेला 'परभणी शक्ती' हा जैवसमृद्ध वाण २०१८ मध्ये पुढे आला. त्याच्या किलोभर दाण्यात लोह सुमारे ४५ व जस्त सुमारे ३२ मिलिग्रॅम असते. नेहमीच्या ज्वारीत ही प्रमाणे साधारण ३० व २० असतात. रक्तक्षयाचा प्रश्न असलेल्या प्रदेशात हा फरक लहान नाही. मात्र दाणा दिसायला इतर ज्वारीसारखाच असल्याने तो स्वतंत्रपणे खरेदी करून अंगणवाडी वा शिधावाटप दुकानापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचविला नाही, तर आडतीच्या ढिगात त्याची ओळख उरत नाही.

ज्वारी गव्हाइतकी टिकत नाही, ही अडचण शासकीय खरेदीत पूर्वीपासून पुढे केली जात असे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने नियमांत दुरुस्ती करून खरेदी केलेल्या ज्वारीच्या वितरणाची मुदत ६ महिन्यांवरून ९ महिने केली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. खरेदीचा आराखडा मात्र राज्याने केंद्राच्या मंजुरीसाठी पाठवावा लागतो, आणि पेरणीचा निर्णय घेताना शेतकऱ्याला त्यातला आकडा माहीत नसतो.