एका कृत्रिम द्रव्याची तीन स्थित्यंतरें

एखादें द्रव्य शरीरास बाधतें कीं नाहीं, हा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु तें कोणत्या वाटेनें शरीरांत शिरतें, हें विचारावयाचें बहुधा राहून जातें. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, अथवा सुटसुटीत नांवानें पोव्हिडोन, या द्रव्याचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे.

जर्मनींतील आय. जी. फार्बेन या उद्योगसंस्थेंत वाल्टर रेपे हे रसायनशास्त्रज्ञ ॲसिटिलीन वायूपासून नवीं द्रव्यें बनवीत असत. स्फोटाच्या भयानें इतरांनीं दूर ठेवलेला हा वायु त्यांनीं दाबाखालीं वश केला. त्या खटपटींतूनच १९३९ सालीं पोव्हिडोनचें पेटंट निघालें. एकाच जातीचे असंख्य लहान रेणु सांखळीच्या कड्यांप्रमाणें जोडले म्हणजे जो महारेणु बनतो, त्यास पॉलिमर म्हणतात. पोव्हिडोन हा असाच एक पॉलिमर असून तो पाण्यांत व मद्यार्कांत दोहोंतहि विरघळतो.

लवकरच दुसरें महायुद्ध पेटलें. रक्तस्रावानें खचलेल्या जखमी शिपायांच्या शिरेंत, रक्तद्रवाच्या ऐवजीं, जर्मन वैद्य पोव्हिडोनचें विद्रावण 'पेरिस्टन' या नांवानें भरूं लागले. त्यानें तात्पुरतें काम भागे. पण पुढें असें आढळलें कीं, लहान सांखळ्या मूत्रावाटे निघून जातात, मोठ्या मात्र यकृत, प्लीहा इत्यादि अवयवांत सांचून राहतात. अर्थात् हा उपयोग मागें पडला.

इकडे अमेरिकेंत, युद्धकाळांत कीटकनाशासाठीं सिद्ध झालेला दाबाच्या डब्यांतील फवारा युद्धानंतर केशभूषेच्या सेवेस लागला. आरंभीं त्यांत लाख असे. भारत हा तिचा जुना पुरवठेदार. परंतु लाखेचा थर ताठर, व नुसत्या पाण्यानें न निघणारा. १९५० नंतरच्या दशकांत तिची जागा पोव्हिडोननें घेतली. मद्यार्क उडून गेला कीं मागें पातळ, पारदर्शक पापुद्रा उरतो. तो केसास केस धरून ठेवतो आणि पाण्यानें धुऊन जातो. दोष एवढाच कीं, दमट हवेंत तो ओलावा शोषून चिकट होई. म्हणून व्हिनाइल ॲसिटेटशीं सांगड घालून त्याचें सुधारलेलें रूप काढण्यांत आलें.

१९५८ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं असा फवारा वापरणाऱ्या कांहीं रुग्णांच्या फुप्फुसांत विकार आढळल्याचें प्रसिद्ध केलें आणि एकच खळबळ उडाली. पुढील तपासांत हा कार्यकारणभाव निश्चित ठरला नाहीं. खरा घातक पदार्थ निराळाच निघाला. कांहीं डब्यांत फवारा बाहेर ढकलण्यासाठीं व्हिनाइल क्लोराइड वायु भरीत. १९७४ सालीं केंटकी संस्थानांतील लुइव्हिल येथील कारखान्यांत या वायूशीं संबंध आलेल्या कामगारांस यकृताचा दुर्मिळ कर्करोग झाल्याचें उघडकीस आलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत सौंदर्यप्रसाधनांच्या फवाऱ्यांत त्यास मनाई झाली. संशय पॉलिमरवर, आणि विष त्याच्या सोबत्यांत, असा हा प्रकार!

पोव्हिडोनचा महारेणु धड त्वचेंतून सहसा आंत शिरत नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें सौंदर्यप्रसाधनांतील त्याचा प्रचलित उपयोग निर्धोक ठरविला. आयोडिनास धरून ठेवणारा पोव्हिडोन जखमेवरील तांबूस औषधाच्या रूपानें आज घरोघरीं पोंचला आहे. तात्पर्य, शिरेंत जें सांचून राहतें तेंच केसांवरून धुऊन जातें. फुप्फुसाची वाट मात्र नाजूक. म्हणून फवारा मारतांना खिडकी उघडी व श्वास क्षणभर आवरलेला असावा, हें शहाणपणाचें.